उतरवलेलं मटण

आये, काल सकाळी फ्रिजच्या वरच्या कप्प्यातून मटणाचा डबा काढून खालच्या फळीवर ठेवला आणि तोंडून आपसूक निघालं, 'उतरवलंय.' घरात ऐकायला कोणी नव्हतं. हा शब्द माझा नाही, तुझा आणि वहिनीचा आहे. तुम्ही दोघींनी तो माझ्या पाठीमागे तयार केलात आणि मला विचारलंसुद्धा नाहीत. एवढी वर्षं झाली, मी म्हातारी झाले, तरी त्या शब्दाचा राग काही उतरला नाही.

माझं लग्न व्हायच्या आधी आपल्याकडे कुठला फ्रिज! शिमग्याला वाडीत बोकड पडायचा, केळीच्या पानांवर सगळ्यांचे वाटे लागायचे आणि बाबा आपला वाटा पानात बांधून घेऊन यायचे. तो पुढ्यात घेऊन आपण दोघी मागल्या दारी बसायचो. हाडं वेगळी, मांस वेगळं, काळीज बाजूला. त्याच दिवशी शिजवायचं, आणि उरलं तर सकाळ-संध्याकाळ खळखळून उकळी द्यायची, की दुसऱ्या दिवशी वड्यांबरोबर संपायचं. तुझा हात भराभर चालायचा आणि तोंड हाताच्या पुढे. "एकाच्या ताटात नुसती हाडकां घालतलस, नि दुसऱ्याच्या नुसता मास? खंय लक्ष आसता गो तुझा?" मी फुरंगटून उठायचे, तू हात धरून परत बसवायचीस. किती चिडायचे मी तुझ्यावर! या घरातून सुटेन तर बरं, असं तुझ्या तोंडावर म्हणालेली मला आठवतं. सुटले मी. तुम्ही मला कुणकेश्वर गावी दिलीत.

मग बोटीवरच्या माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालं, आणि पाठोपाठ त्याने तो रॉकेलवरचा, खाली दिवा पेटवून चालणारा फ्रिज पाठवला. मुंबईत कुणा साहेबाने देश सोडताना विकायला काढलेला, बोटीने मालवण बंदरात आला आणि होडीतून उतरवताना सगळी वाडी किनाऱ्यावर जमली म्हणे. मी तिथे नव्हते. पुढल्या खेपेला माहेरी आले तेव्हा तो स्वयंपाकघरात माझ्या बसायच्या जागी उभा होता. तू हसत म्हणालीस, "खाली आग, वर बरफ. काय म्हणूचा ह्येका?" आणि हसताना तू वहिनीकडे बघितलंस. माझ्याकडे नाही. मला ते लागलं, आता लपवून काय करू?

वहिनी इन्सुलीकडची, गोरीगोमटी, कामाला धांदरट. पहिल्यांदा तिने अख्खा वाटा एका पातेल्यात भरून वर ठेवला. त्याचा झाला धोंडा. कोयता चालेना, तेव्हा तिने तो चुलीशेजारी ठेवून वितळवला, हवा तेवढा काढला आणि उरलेला कच्चाच परत बर्फात सारला. दुसऱ्या दिवशी वास आला आणि तू तिला अशी काही सोलून काढलीस की शेजारीण धावत आली म्हणे. हे वहिनीनेच मला रडत सांगितलं, आणि मी तिची समजूत काढत होते. त्यानंतर तुम्ही दोघींनी मिळून सगळी रीत बसवलीत. मटण आणल्या आणल्या एका जेवणाचे छोटे वाटे करायचे, चपट्या डब्यांतून वर ठेवायचे, आदल्या दिवशी लागेल तेवढाच डबा खालच्या फळीवर 'उतरवायचा', खाली त्याचं पाणी दुसऱ्या कशावर गळू नये म्हणून ताट ठेवायचं, आणि बाहेर उबेत पाणी सुटलेलं कच्चं परत वर चढवायचं नाही, शिजवूनच ठेवायचं. तुम्ही एकमेकींशी अर्ध्या शब्दात बोलायचात. "उतरवलंस?" "उतरवलंय." मी पाटावर बसून ऐकत राहायचे, परक्या गावच्या भाषेसारखं.

आणि तो दिवस. मी दोन दिवसांसाठी आलेली. तू आणि वहिनी विहिरीवर होतात. दुपारच्या जेवणासाठी काढलेला डबा ओट्यावर तापत पडला होता, मटण मऊ होऊन ताटात लाल पाणी जमलं होतं. मला वाटलं, वहिनी विसरली असेल, आपण हातभार लावू. ताट पुसलं आणि डबा उचलून वर बर्फात ठेवून दिला. मनातून खूश होते मी, की माझाही हात त्या फ्रिजला लागला. तू आलीस, फ्रिजचं दार उघडलंस आणि तुझा आवाज चढला. "कोणी ठेवल्यान ह्या परत? पाणी सुटलेला मटण परत बर्फात? किती येळा सांगलंय तुका! खंय लक्ष आसता गो तुझा?"

आये, ते माझं वाक्य होतं. मागल्या दारचं, माझं. आणि तू ते वहिनीच्या अंगावर टाकत होतीस. ती बिचारी घागर कमरेवर घेऊन खाली मान घालून उभी.

मी म्हटलं, "मी ठेवलं."

तुझा चढलेला आवाज तिथेच खाली आला. "तू? बरा, ऱ्हवांदे. तू बस गो. दोन दिसांची पावणी तू." मग वहिनीला म्हणालीस, "काढ ता, आताच शिजव सगळा." जेवताना नळीचं हाड तू माझ्या ताटात घातलंस, आग्रहाने, पाहुणीला घालतात तसं. मी ते चोखलं आणि ताटाच्या कडेला ठेवलं. मागल्या दारी भांडी घासताना वहिनी मला म्हणाली, "वन्स, तुमचा बरा आसा. आई तुमका कायएक बोलणत नाय. माका रोजचो मार तोंडाचो." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला तिचा इतका हेवा वाटला की हातातली वाटी तिच्या अंगावर फेकावीशी वाटली.

त्यानंतर तू मला कधीच ओरडली नाहीस. तू डोळे मिटेपर्यंत नाही. दर खेपेला नळी माझी, ओरडा तिचा.

हे पत्र टाकायचं कुठे, ते तूच सांगितलं असतंस. राहू दे घरातच. पण एक गोष्ट सांगून टाकते. आज दुपारी वहिनीला फोन लावला. तीही आता थकली आहे, कानाने कमी ऐकते. तिला मोठ्याने सांगितलं की मटण बाहेर वितळलं होतं आणि मी ते कच्चंच परत बर्फात ठेवलंय. ती कडाडली, "वन्स! पाणी सुटलेला मटण परत बर्फात? खंय लक्ष आसता तुमचा?" थेट तुझाच आवाज, तुझाच हेल. तोही तिलाच देऊन गेलीस. मी फोन कानाशी धरून उभी राहिले, ती आणखी बोलेल म्हणून.

मटण मी परत ठेवलं नव्हतं, आये. ते तेव्हा गॅसवर शिजत होतं.