कापड बोलत असताना

४ डिसेंबर
परत आली! गोधडी परत आली! शाळेतल्या बाई सकाळीच दुकानात हजर. "अरे, माझी फुलं कुठं गेली?" बारीक फुलाफुलांचे तुकडे त्यांनी वर्षभर बसून जोडले, आणि मी त्यांवर मशीनने टाक्यांचा वेल मारला. दाट, वळणावळणाचा, माझा सगळ्यात लाडका. आता वेल दिसत नाही, फुलंही दिसत नाहीत. नुसती गिचमिड! दुकान मावशीचं; लोक तुकडे जोडून आणतात, आम्ही त्यांवर मशीनने टाके घालतो. ती बाईंना म्हणाली, "नवीन आहे हो मुलगा, कॉलेज सोडून आलाय." आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. ते बघणं!

गोटवाली कोपऱ्यात बसून एका गोधडीच्या कडेला हाताने गोट लावत होती. मान वर न करता म्हणाली, "कापड आधीच बोलतंय. त्यावर हा ओरडतो."

झालं! माझं डोकंच सटकलं. "एवढं कळतं तर तुझी आण ना! बघ कशी करून देतो!" (घरी ती स्वतःची एक जोडतेय. दुकानात सगळ्यांना माहीत आहे.)

"माझी? तुझ्या मशीनखाली? ह्या जन्मात नाही."

लिहून ठेवतो — ती स्वतःच्या हाताने आणून देईल. नाही दिली तर बाबा म्हणतात तसा मुकाट्याने कॉलेजात परत जाऊन बसेन. मला काय, अपमान इथेही आणि तिथेही!

५ डिसेंबर
दिवसभर उसवलं. बोटांची सालटी निघाली. ती माझ्याकडे बघत होती. निदान त्या दिशेला तरी.

८ डिसेंबर
युक्ती सापडली! मावशीच्या जेवणाच्या टेबलावरचं पारदर्शक प्लास्टिक उचलून आणलं. ते गोधडीवर अंथरायचं, वर मार्करने नक्षी काढायची, नाही पटली तर पुसून दुसरी. एक टाका पडायच्या आत सगळं कळतं. मावशी कडाडली, "मेल्या, टेबलावर आता काय घालू, तुझं डोकं?" थोड्या वेळाने स्वतःच मार्कर घेऊन बसली!

प्लास्टिकने एवढं शिकवलं — कापड बडबडं असेल तर टाक्यांनी गप्प बसावं. कोरं असेल तर खुशाल बोलावं. तुकडे टोकदार असले की टाके गोलसर बरे. आणि तान्ह्या बाळाची असेल तर विरळ, नाहीतर पोरगं पुठ्ठ्यात गुंडाळल्यासारखं होतं.

बाईंच्या गोधडीवर नुसत्या तिरप्या ओळी मारल्या. बाईंनी फुलांवरून हात फिरवला, चष्मा लावून पुन्हा फिरवला. "आहेत हो सगळी!"

गोटवालीला दिसली ती फक्त माझी शाल. मी ती गुंडाळून मशीनवर बसतो, त्यावर म्हणाली, "गोधड्यांच्या ढिगात बसून कुडकुडणारा पहिलाच माणूस बघितला!" हसताना तिच्या दातांत धरलेला दोरा खाली पडला.

९ डिसेंबर
तो दोरा माझ्या पाकिटात आहे. बास. ह्यापुढे लिहीत नाही.

१४ डिसेंबर
पोस्टमनकाका निवृत्त झाले. काकूंनी त्यांच्या खाकी शर्टांची गोधडी जोडून आणलीय, खिशांसकट! कापड कोरं, म्हणजे माझा वेल घालायला रान मोकळं. प्लास्टिकवर काढला, दिसलाही झकास. मावशी म्हणाली, "खिशांवरून सरळ घे, उगाच वळसे घालत बसू नकोस."

हात उठेना. कापड कोरं आहे, पण खिसे बोलतायत की! वेल पुसला. साध्या ओळी मारायच्या आणि प्रत्येक खिशाला वळसा घालायचा, खिसे उघडे ठेवायचे. मावशीशी कडाक्याचं भांडण झालं. त्यात जाड शिवणीवर सुई मोडली. दुसरीही मोडली.

"राजे, सुया काय झाडाला लागतात आपल्याकडे?"

"लागत नसल्या तरी खिसे शिवणार नाही!"

कोपऱ्यात गोटवालीची सुई थांबली होती. मी बघितल्यावर चालू झाली.

१६ डिसेंबर
आजचा दिवस माझा! माझा! माझा!

काका आले ते कपाळाला आठ्या घालूनच. "मी शर्ट दिले होते फरशी पुसायला. हिने हे काय मांडलंय!" काकू म्हणाल्या, "अहो, हात तर लावा." हात लावला. हात सवयीने खिशाकडे गेला — आणि आत गेला! काकांनी चष्मा काढून त्या खिशात ठेवला. पेन दुसऱ्या खिशात. मग दुकानातल्या बाकड्यावर चक्क आडवे झाले, गोधडी हनुवटीपर्यंत ओढून! "आता कुणी उठवायचं नाही मला." काकू हसून हसून खालीच बसल्या.

मावशी म्हणाली, "राजे, आजपासून नक्षी तुम्हीच ठरवायची. मला विचारत बसू नका." मी हवेत!

आणि गोटवालीने पिशवीतून तिच्या गोधडीची घडी काढून माझ्यासमोर ठेवली. "ह्यावर काय घालायचं ते ठरव."

"ह्या जन्मात नाही म्हणाली होतीस."

"मग घेऊ परत?"

"हात तर लाव!"

१७ डिसेंबर
घडीचा वरचा चतकोरच उलगडला. हिरवे-पिवळे इवले त्रिकोण, टोकाला टोक अचूक भिडलेलं. प्लास्टिक अंथरलं, मार्कर उघडला आणि काहीच काढलं नाही. जोडाच्या रेघेतच टीप मारायची. वरून दिसणारच नाही. मी केलंय हे कुणाला कळणारही नाही. आणि मला चालेल! मला!

बाबांचा फोन आला. "कॉलेजचं काय?" "सुटलं, बाबा." "म्हणजे ह्या वर्षापुरतं?" "नाही. कायमचंच सुटलं." मग बरंच ऐकून घेतलं. उलट बोललो नाही, हेही नवीनच.

१८ डिसेंबर
मशीनवर चढवायला आज तिची गोधडी पूर्ण उलगडली. एकटीची नाही. दोघांच्या मापाची आहे!

"कुणासाठी?" मी पाकिटातला दोरा चाचपत विचारलं.

तिने दातांनी दोरा तोडला. "तुला थंडी वाजते ना?"