पंखराजाची डावी बाही

दि. ४ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही दोन मिनिटांत ‘बरं, ठेवतो’ म्हणून मोकळे होता. पत्र अर्ध्यात ठेवता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

मी काय काम करते ते तुम्ही अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाहीत, तर आज न विचारता सांगते. आमच्या ऑफिसात व्हिडिओ गेम बनतात. त्यातल्या एका मालिकेचा नायक आहे पंखराज. तो माणसाचा ड्रॅगन होतो आणि ड्रॅगनचा पुन्हा माणूस. त्याचं हे रूप पालटणं आणि त्याचे कपडे पडद्यावर घडवायचे, एवढंच माझं काम. पाच भाग झाले, पाचही भागांत तो माझ्या हातून पालटला.

आता सहावा भाग. त्यात त्याची ड्रॅगन होण्याची शक्ती जाते. आमचे मुख्य लेखक म्हणतात की पंख नसलेला पंखराज कोणाला हवाय, सुरुवातीलाच मारून टाका. ते मरण मला एप्रिलअखेर करून द्यायचंय. तीन आठवडे झाले, नुसती बसून आहे. हात चालतच नाही. हे कोणाला सांगावं कळेना, म्हणून तुम्हाला सांगितलं.

आत्याचा गुडघा काय म्हणतो? दुकानात गिऱ्हाईक कसं आहे?

लोभ आहेच. वाढवायला जागा उरली असेल तर वाढवावा.
तुमची,
गुंडी

दि. १५ फेब्रुवारी

चि. गुंडीस,
अ. आ.

अक्षर पाहून दचकू नकोस, हे तुझ्या आत्याचं आहे. माझ्या बोटात सुई गेली, म्हणून मी सांगतोय आणि ती लिहितेय. मध्ये मध्ये तोंड वाकडं करतेय तेही लिही म्हटलं, तर लिहीत नाही.

तू मागे पहिल्या तीन भागांचा तो गेमचा डबा पाठवला होतास, तो इतकी वर्षं इस्त्रीच्या टेबलाखाली पडून होता. आत्याने माहितीपत्रक वाचून वाचून टीव्हीला जोडला. पहिले दोन दिवस तुझा सरडा एका भिंतीलाच धडका देत होता. तिसऱ्या दिवशी वळायला शिकलो. आत्या शेजारी बसून डावीकडे घे, उजवीकडे घे म्हणून माझं डोकं खाते. स्वतः मात्र हात लावत नाही.

आता मुद्द्याचं. त्याच्या अंगरख्याची डावी बाही उलटी लावली आहे. बाहीचा पुढचा भाग मागे गेलाय, म्हणून हात वर केला की काखेत कापड ताणतं. असला कपडा घालून माणूस लढतो कसा? अंगरखा कोणी बेतला, त्याचं नाव कळव.

मरणाबिरणाचं नंतर बघू. मी अजून पहिल्याच गावात आहे.

दुकानाकडून, आत्याकडून आणि सरड्याकडून आशीर्वाद.
बाबा

दि. २६ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. पाच भाग, लाखो खेळणारे, आणि बाही उलटी आहे हे आजवर एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. उजवी बाही तयार झाल्यावर तीच उचलून डावीकडे चिकटवली होती, आरशातल्यासारखी फिरवायची राहिली. बेतणाऱ्याचं नाव विचारता? शिंप्याची मुलगी आहे ती. लाजेने माझं तोंड एवढंसं झालं.

पण बाबा, तुम्ही खेळताय हे वाचून मी किती वेळ हसत होते, आणि मग रडलेही. मी या नोकरीसाठी निघाले तेव्हा, दुकानाची कात्री आता कोण धरणार, एवढंच बोलून तुम्ही आत गेला होतात. त्यानंतर तुम्ही माझ्या कामाबद्दल बोललात ते हे पहिलंच.

मुख्य लेखक रोज विचारतात. मी रोज काहीतरी थाप मारते. बोट बरं झालं का?

तुमचा राग संपला असेल तर तसं कळवावं, नसेल तर बाहीवर काढावा.
गुंडी

दि. २० मार्च

चि. गुंडीस,
अ. आ.

आजही अक्षर आत्याचंच. चष्म्याची काडी मोडली आहे.

आम्ही तिसऱ्या भागापर्यंत पोचलो. तो ड्रॅगनचा माणूस झाला की आधी उजवा हात मानेकडे नेतो, तिथे काही मिळत नाही, मग चालू लागतो. दर वेळी तेच. आत्या म्हणाली मान अवघडली असेल. मान कसली अवघडतेय! तो गळ्यातला मापाचा टेप शोधतोय. जेवून उठलो की मी शोधतो, अगदी तसा. मग मी खेळ थांबवला.

माझ्यावर रुसून गेलीस आणि मलाच बरोबर घेऊन गेलीस की गं.

त्याला मारू नकोस. पंख गेले की माणूस संपला, हे तुझ्या लेखकाला कोणी सांगितलं? बसून सांगता येतं, चूक दाखवता येते. आणि मारायचंच ठरलं तर मला आधी कळव, म्हणजे माझंही मी ठरवतो.

बाबा

(ता. क. गिऱ्हाईक आलं म्हणून तो पुढे गेलाय, तेवढ्यात माझं लिहिते. सुई गेली नव्हती आणि चष्माही धड आहे. हात थरथरतात त्याचे. डॉक्टर म्हणाले हे वाढेल. पाच महिने त्याने कात्री धरलेली नाही. मापं घेतो आणि कापायला दुसरीकडे पाठवतो. गेमची बटणं तेवढी दाबता येतात, म्हणून दिवसभर तेच. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. मी ती मोडली. - आत्या)

दि. २ एप्रिल

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा मुख्य लेखकांसमोर जाऊन बसले आणि म्हटलं की पंखराज मरणार नाही, मारायचा असेल तर दुसरा माणूस शोधा. ते चिडले. मग विचारलं, तो करणार काय? मी तुमचंच वाक्य त्यांना सांगितलं. बसून सांगेल, चूक दाखवेल. आता सहाव्या भागात नवे, धडपडणारे ड्रॅगन त्याच्या दारात येतात आणि पंख कसे मिटायचे ते तो त्यांना शिकवतो. लेखक दोन दिवस मागून घेऊन आज हो म्हणाले.

एक अडचण आहे. त्याला नवा अंगरखा लागणार, आणि यावेळी तो मला आधी खऱ्या कापडाचा करून पाहायचाय, खांद्यावरून कसा पडतो ते बघायला. तुम्ही सांगायचं, मी कापायचं. पंधरा दिवसांची रजा घेतलीय. कात्री वेडीवाकडी चालली तर ओरडायचं, पण पूर्वीसारखं आत निघून जायचं नाही.

आत्यावर रागावू नका.

तुमच्याच मापाची,
गुंडी

दि. ९ एप्रिल

चि. गुंडी,

हे मी लिहितोय. आत्याच्या हाती पेन दिलं की ती खाली शेपूट जोडते, कळलं मला. अक्षर कसं आलंय ते तुला दिसतंच आहे. एवढ्या चार ओळींना सकाळ गेली.

कात्रीला धार लावून आणली. कापड तू आल्यावर निवडू. डावी बाही आधी कापायची. टेप माझ्याच गळ्यात राहील.

लोभ आहे. अक्षर लागलं नाही तरी आहे.
बाबा