हिवाळ्यात गेलेला वर्ल्ड कप

२२ मे, रवि.
वाशीमच्या डॉक्टरांनी आज स्पष्टच सांगितले. दादाच्या डाव्या पायाची दोन बोटे काढावी लागतील. साखर फार, बोटे काळी पडलेली. महिना, फार तर दीड महिना थांबता येईल. परतीच्या जीपमध्ये दादा सगळा रस्ता बाहेर बघत बसला. फौजेतून निवृत्त झालेला माणूस. तिकडे आसामात गोलकीपर म्हणून नाव होते त्याचे. त्याला पायाचे सांगायचे म्हणजे...
घरी आल्यावर देवघरातले बेलाचे पान उचलले. म्हणाला, "वर्ल्ड कप झाला का दुसऱ्या दिवशी चालतो. पन तवरोक पायाचं नाव काढाचं नाई तूनं. उचल तूबी."
मी उचलले. फुटबॉलचा वर्ल्ड कप म्हणजे जून-जुलै. थोडा उशीर होईल, पण स्वतःहून येईल हे मोठे.

२६ मे, गुरु. एकादशी
उपास. बायकोला, शोभाला, बेलाचे सांगितले. तडकली. "तुमी दोघं भाऊ लेकरं आहा का?" म्हटले, तू बोल मग, तुझ्यावर शपथ नाही. परत चुलीकडे वळली. दादा तिचा भासरा, थोरला दीर. लग्न होऊन आली तेव्हापासून कधी त्याच्यासमोर आलेली नाही. चहाही दाराआडून सरकवते. वहिनी होती तेव्हा तिच्या हाती निरोप जायचा. वहिनी गेली, आता मी.
पाय: तसाच.

८ जून, बुध.
मृग लागला. पाऊस नाही.
आमच्या घरी वर्ल्ड कप आणि पेरणी नेहमी सोबत येतात. दादा सुटी त्याच हिशेबाने काढायचा, चार वर्षांतून एकदा, मृगात. बाबा तिफणीवरून ओरडत आणि आम्ही पाटलांच्या टीव्हीसमोर. एका वर्षी मॅच भरदुपारी होत्या, जपानकडे. बैल तसेच उभे राहिले.
यंदा पेपरात काही दिसत नाही. एशियाड पुढे ढकलल्याचे तेवढे आले होते.

१२ जून, रवि.
शेलूबाजार. डिशचा रिचार्ज करायला गेलो. शेठजींना म्हटले, फुटबॉलचे चॅनल टाका. हसले. "काका, आताच कायले पैसे घालता? थो तं दिवाळीनंतर हाय. कतारात उन्हाळ्यात मानूस भाजून निंघते, म्हून हिवाळ्यात नेला." मोबाईलवर दाखवले. शेवटची मॅच डिसेंबरात.
दुकानाच्या बाकड्यावर बसलो. शेठजींनी पाणी आणले. "काका, कोनाशी शर्यत लावली का?"
डिसेंबर.

१३ जून, सोम.
दादाला विचारले, तुला ठाऊक होते?
"लय वर्षांपासून ठरेल हाय थे. तू पेपर नाई वाचत, त्याले मी काय करू?" हसला. मग हसू आवरून म्हणाला, "बेल उचलला हाय तूनं."
जपात मन लागले नाही.

३ जुलै, रवि.
पेरणी आटोपली. दादा पट्टी स्वतः बदलतो, दार लावून. कापूस परसात जाळतो. घरात वास येतो, आणि आम्ही तिघेही तो येत नसल्यासारखे वागतो. शोभा उदबत्त्या जास्त लावते.
जेवताना दादा आपणहून म्हणाला, "कोरोनात ऑलिंपिक वर्षभर पुढं गेलं. काय बिघडलं?" उत्तर दिले तर पायाचे नाव निघते. घास गिळला.

१८ जुलै, सोम.
इतर वर्षी या सुमारास फायनल होऊन गेलेली असते. यंदाही झाली असती तर आज आम्ही दवाखान्यात असतो.
एकटाच डॉक्टरांकडे गेलो. म्हणाले, "आता बोटांवर भागेल असं वाटत नाही. पेशंटला आणा." मी शपथेचे सांगितले. त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावले.

१ ऑगस्ट, श्रावण सोमवार
महादेवाला बेल वाहताना हात अडला. शपथ मोडली तर देवासमोर खोटा. पाळली तर भावाचा पाय जातो. मी देवाला भितो की दादाला? बराच वेळ गाभाऱ्यात बसलो. पुजारी झाडू घेऊन आला तेव्हा उठलो.
पाय: टाच टेकवूनच चालतो आता.

१६ ऑगस्ट, मंगळ.
दादाला ताप. म्हणतो, पावसाचा.
ओट्यावरून कोहळे घरंगळले. खाटेवरून झेपावून त्याने ते दोन्ही हातांत धरले आणि कोणी पाहिले का म्हणून इकडेतिकडे बघितले. मी पाहिले होते. मान वळवली.

२२ ऑगस्ट, सोम.
ठरवूनच देवळात गेलो. म्हटले, आज शपथ मोडतो. शिक्षा मला दे, त्याला नको.
घरी आलो तो दारातच थबकलो. शोभा दादाच्या खाटेपुढे बसलेली. डोक्यावर पदर, पण समोर. पुढ्यात गरम पाण्याचे घमेले.
"दादाजी, पाय द्या इकडं."
दादाने पाय मागे ओढला. "यानं सांगतलं तुले?"
"मले नाक हाय. अन् बेल मी नाई उचलला."
इतक्या वर्षांत तिचा आवाज दादाने दाराआडूनच ऐकलेला. मग हळूच पाय पुढे केला. पट्टी सुटली. काळेपणा घोट्याकडे...
शोभाने तोंड फिरवले नाही. मागे न बघता मला म्हणाली, "जीप सांगा."
मी जीपवाल्याकडे निघालो.

२३ ऑगस्ट, मंगळ.
जीप उद्या सकाळी येते. दादा हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. जेवताना एवढेच विचारले, "दवाखान्यात टीव्ही रायते का?"
"नसला तं घरचा नेऊ," शोभा भाजी वाढता वाढता म्हणाली.
"डिसेंबरवरी?"
शोभाने त्याच्या ताटात आणखी एक भाकर वाढली.
आत्ता दादा ओट्यावर बसून फौजेतले काळे बूट पॉलिश करतो आहे. उजवा झाला, उन्हात ठेवला. आता डावा मांडीवर घेतला आहे. खूप वेळ घासतो आहे. माझ्यावरची शपथ अजून तशीच आहे. मी समोर बसून बघतो आहे.