कडी काढली नाही

४ जून

चि. धाकल्यास ताईचे अ. आ.

पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस, बसून वाच. बाबांच्या खोकल्याचा निकाल लागला. क्षय आहे, आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. डॉक्टर म्हणाले, हे जंतू त्यांच्या छातीत तरुणपणापासून असावेत. रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी इतकी वर्षं त्यांना घेरून कोंडून ठेवलं होतं. आता वय झालं, पहारा ढिला पडला आणि ते सुटले.

बाबांना पुढच्या खोलीत हलवलंय. खिडक्या उघड्या ठेवते, तोंडाला मास्क बांधते. शिलाई मशीन मागे नेलं तर चिडले. गिऱ्हाईक आलं तर माप कोण घेणार, म्हणे. गिऱ्हाइकं आता आपलं घर आलं की पलीकडच्या बाजूने जातात, हे त्यांना सांगितलेलं नाही.

तू यायचं नाहीस. माझं मूत्रपिंड तुझ्या पोटात टिकावं म्हणून तुझ्या पेशींना गोळ्यांनी गुंगीत ठेवलंय. तुझ्या दाराशी राखण करायला कोणी नाही, हे लक्षात ठेव. लहानपणी मी तुला साधी पेन्सिल दिली नव्हती. आता एवढी मोठी वस्तू दिलीय, ती तरी हरवू नकोस.

बाबा सारखी तुझी आठवण काढतात. हे लिहिणार नव्हते, लिहून गेले.

रागावलास तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


१२ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा दुकानात एका पंपाच्या मोटरीत तांब्याची तार भरत होतो. वेढे पुन्हा पुन्हा चुकायला लागले, तेव्हा मालकांनी घरी पाठवलं.

घरी न जाता डॉक्टरांकडे गेलो. विचारलं, थोडे दिवस गोळ्या थांबवल्या तर पेशी जाग्या होतील ना? तेवढ्यात बाबांना भेटून येतो आणि पुन्हा सुरू करतो. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, जाग्या होतील, पण क्षयाची वाट बघत बसणार नाहीत. आधी त्या मूत्रपिंडावर तुटून पडतील, कारण त्यांच्या लेखी ते परकं आहे. मी म्हटलं, "सख्ख्या बहिणीचं आहे. परकं कसं?" तर म्हणाले, पेशींना नातं कळत नाही. तुमचं पुष्कळ जुळतं, पण तू म्हणजे ती नव्हेस.

घरी हिलाही तेच पटलं. सगळे बरोबरच बोलतात गं. पण मी आजारी पडलो की बाबा हातातलं शिवण टाकून माझ्या उशाशी बसायचे. आणि मी इथे लोकांच्या मोटरी दुरुस्त करत बसू? त्यांना सांग, धाकला येतोय.

ओरडायचं तेवढं ओरड, पण मनात जागा राहू दे.

तुझा,
धाकला


९ जुलै

ती. ताईस सा. न.

हाताला सूज आहे, म्हणून मी सांगतोय आणि ही लिहून घेते आहे. मी रुग्णालयात आहे. तिकडे आलो होतो त्या दिवशी तू दाराआडून गोळ्यांचं विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. त्या बऱ्याच आधी बंद केल्या होत्या. परत आलो आणि लघवी कमी झाली, ताप चढला, अंग फुगलं. माझ्याच पेशींनी तुझ्या मूत्रपिंडाला धरलं. सुईतून जबर औषध देऊन त्यांना पुन्हा निजवलंय. निम्मंशिम्मं वाचेल म्हणतात. किती दिवसांसाठी, ते कोणी बोलत नाही. तुझ्यासमोर कोणत्या तोंडाने यायचं, कळत नाही.

पण माझाही राग ऐकून घे. दुपारभर मी पायरीवर बसलो होतो. तू कडी काढली नाहीस, खिडक्यासुद्धा लावून घेतल्यास. बाबा आतून अधूनमधून बोलत होते. मी दुकानातल्या गमती सांगितल्या, त्यावर हसलेही. एकदासुद्धा खोकले नाहीत. एवढे बरे होते तर लांबून तोंड दाखवलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी फक्त बघू दे म्हणत होतो.

आता कसे आहेत ते कळव. हिला विचारलं की ही विषय बदलते.

रागात लिहिलंय, पण तुझ्याशिवाय रागावणार कोणावर?

तुझा,
धाकला


१८ जुलै

चि. धाकल्यास ताईचे अ. आ.

तू उठून बसायला लागलास असं तुझ्या बायकोने कळवलं, म्हणून आता लिहिते. बाबा गेले. तू येऊन गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी. तुला इतक्यात सांगू नये असं मीच तिला बजावलं होतं. तिला बोलू नकोस.

कडी मी काढणार होते रे. तू फक्त बघू दे म्हणालास तेव्हा माझा हात कडीवर होता. बाबांनी मान हलवून नको म्हटलं. खिडक्याही त्यांनीच लावायला लावल्या. तू बाहेर होतास तेवढा वेळ त्यांनी चादरीचा बोळा करून तोंडात धरला होता. खोकला वर आला की चेहरा काळानिळा व्हायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. जरा थांबला की बोळा काढून तुला एखादं वाक्य बोलायचे, आणि पुन्हा धरायचे. तू ऐकलंस ते हसणं नव्हतं.

तुझी पावलं लांब गेल्यावर त्यांनी विचारलं, "गेला का?"

मी म्हटलं, गेला. त्यांना खरं वाटेना. मग मी खिडकी उघडली, तू कोपऱ्यावरून वळलास ते पाहिलं आणि सांगितलं. तेव्हा कुठे त्यांनी बोळा खाली टाकला. त्यानंतर अंधार पडेपर्यंत ते खोकत होते.

जमेल तेव्हा चार ओळी पाठव. नाही जमल्या तर तिच्या हातून पाठव.

तुझी,
ताई