बेल एकदा वाजली की दोनदा

आत्याबाई, आधीच सांगून टाकते, हे मी लिहीत नाही, नुसती बोलते आहे. लिहिते आहे ती आमची पोळ्यावाली. तिच्या पोळ्या करून झाल्या, ओटा पुसून झाला, पुढच्या घरी जायला अजून थोडा अवकाश आहे, म्हणून कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर माझं ऐकून उतरवते आहे. सातवी झालेली आहे. मधे मधे माझं बोलणं शुद्ध करते, करू दे म्हटलं. तुम्हाला तरी कुठे वाचता येत होतं? लिहिणारी मी नाही, वाचणाऱ्या तुम्ही नाही. सासूसुना दोघी सारख्याच, पत्र तेवढं शहाणं.

काळेवाडीची आपली खोली आता राहिली नाही. तुमचा लेकही राहिला नाही, ते तुम्हाला माझ्या आधी कळलंच असेल. मी मोशीत राहते, नवव्या मजल्यावर. खिडकीतून चाकणच्या बाजूचा रस्ता दिसतो. त्यावरून नव्या कोऱ्या मोटारी पाठीवर घेऊन लांबलचक ट्रक जातात, आणि मी त्या बघते, जशा तुम्ही दारात बसून नळावरच्या बायका बघायच्या. तुमचा नातू चाकणला कंपनीत आहे. त्याची शिफ्ट फिरती, त्यातून ओव्हरटाइम. नातसून हिंजवडीला. ती निघते तेव्हा माझा चहा व्हायचा असतो, येते तेव्हा माझं जेवून झालेलं असतं. पणतू शिकायला परगावी. माणसं सगळी चांगली आहेत हो, तक्रार नाही. फक्त घरात नसतात.

तर आमच्याकडे सध्या एका मालिकेवरून मोठी लढाई चालली आहे. मालिका खुनाची. एका बाईचा नवरा कामावरून घरी येतच नाही. मग दगडाच्या खाणीत एक जळालेला देह सापडतो, मनगटात त्याचं घड्याळ. पोलीस तिच्या दिराला धरून नेतात. शेवटच्या भागात ती घरात एकटी, चहा गाळते आहे, आणि दाराची बेल वाजते. ती जाते, कडी काढते, दार उघडते, आणि पडदा काळा. झालं! कोण आलं ते दाखवलंच नाही. नवरा आला असेल तर तो जिवंत, म्हणजे खाणीतला देह दुसऱ्याच कुणाचा आणि खुनी हाच. पोलीस आले असतील तर ते तिलाच न्यायला, म्हणजे खुनी ती. तो नवरा नेहमी दोनदा बेल वाजवायचा, हे पहिल्यापासून दाखवत आले होते. म्हणून सगळा वाद येऊन अडला तो एवढ्यावर, की त्या दिवशी बेल एकदा वाजली की दोनदा.

वाद घालणारे आम्ही तिघं. एक मी. एक ही पोळ्यावाली. तिसरे पाचव्या मजल्यावरचे फोरमन. कंपनीतून निवृत्त झाले तरी सगळे त्यांना फोरमनच म्हणतात. मूळचे महाळुंग्याचे, आता त्यांच्या शेतात कारखाना आहे. चारला ही कणीक मळायला घेते आणि ते येऊन स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची ओढतात. ते दोघं मोबाईलवर तो भाग परत परत बघतात, मी त्यात डोकं घालत नाही. म्हणतात, एक बेल स्पष्ट येते आणि तिच्या मागोमाग काहीतरी वाजतं. ती दुसरी बेल, की गाळणं पातेल्यावर आपटलं, दोघांनाही ठरवता येत नाही. फोरमनचं म्हणणं, मोबाईलवर कापून टाकतात, पहिल्या दिवशी टीव्हीवर दाखवलं तेच खरं. आणि पहिल्या दिवशी टीव्हीवर बघणारी तिघांत मी एकटी. फोरमन लग्नाला गेलेले, ही दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटत होती. म्हणून न्यायाधीश मी.

"न्हाई ओ आज्जी, पोलीसच ते," फोरमन म्हणतात. "येकच बेल. पोलीस येकदा बेल दाबत्यात, मग दार बडवत्यात."

"तुम्हाला बरं माहीत. तुमच्याकडे किती वेळा आले होते?" ही लाटणं न थांबवता विचारते.

"आमच्या जमिनीची मोजणी झाली तव्हा आलं व्हतं की, मोजणीवाल्यांसंगं! आज्जी, तुमी सांगा हिला."

मी चहाचा घोट घेते. घाई करत नाही. सोमवारी मी सांगितलं, एकदाच वाजली. फोरमन खुर्चीतून अर्धे उठले. मंगळवारी म्हटलं, रात्रभर विचार केला, दोनदा वाजली असणार. हिने कणकेच्या हातानेच टाळी दिली. फोरमन म्हणाले, "तुमच्यासारखा जज्ज मिळाला तर दोन्ही पार्ट्या फासावर जातील." पण बुधवारी चारच्या आधीच हजर. एकदा तर ही बटाट्याची भाजी खाली लागेपर्यंत भांडली. घरात करपल्याचा वास, दोघांचा आरडाओरडा. मला इतकं बरं वाटत होतं!

काल मात्र घोटाळा झाला. फोरमननी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "जाऊ द्या आज्जी, तुमचंच खरं. दोनदा तर दोनदा. नवी मालिका लागलीय, ती बघा आता." मी म्हटलं, "अहो, पण आज मला एकदाच वाटतंय!" ते हसले, चपला घातल्या आणि गेले. आज चार वाजून गेले, खुर्ची तशीच. शेवटची पोळी तव्यावर टाकून ही म्हणाली, "आज किती शांत आहे, नाही?" तेव्हा मी म्हटलं, कागद घे.

कारण अशा वेळी काय करायचं ते तुम्हाला येत होतं. काळेवाडीत टीव्ही एकट्या घरमालकांकडे. म्हाताऱ्या माणसाला आत पाटावर जागा, बाकीच्या बाया खिडकीला लोंबकळलेल्या. मी घरी भाकरी थापत असे. तुम्ही परत आलात की चुलीपाशी बसून मला सगळं सांगायच्या, त्यातल्या पोलिसासारखं बोलून दाखवायच्या, मरणाऱ्यासारखा आऽ करायच्या. आणि नेमकं खुनी कोण ते यायची वेळ झाली की मिश्रीची डबी उघडायच्या.

"मग कुणी मारलं, आत्याबाई?"

"उद्या सांगते."

मला अस्सा राग यायचा! एकदा मी हातातली भाकरी परातीत आपटली आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता सांगा, नाहीतर उद्यापासून मी ऐकणारच नाही. तुम्ही मला फटकारलंत. म्हणालात, "समदं सांगून टाकलं तर तू उठून भांड्याला जाशील की गं." मी त्यावर हसलेसुद्धा. आणि भांड्यालाच गेले.

पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात तुम्ही होतात, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईला तुम्ही अशीच एक गोष्ट लावून दिली होती. तुम्ही गेलात त्या सकाळी मी तुमचं लुगडं, तांब्या, डबी पिशवीत भरते आहे, रडणं अजून यायचं आहे, आणि ती बाई माझा पदर धरते. विचारते, "पोरी, ती विहिरीवरनं नाहीशी झालेली बाई घरी आली का गं शेवटी? म्हातारी आज सांगणार होती." मला कुठली माहीत ती गोष्ट? तरी मी खाटेच्या कडेला बसले आणि म्हटलं, "आली. संध्याकाळी आली. दार उघडंच होतं." ती म्हणाली, "बरं झालं बाई." तुमचा शेवट वेगळा असला तर रागावू नका.

आता मुद्द्याचं. ए बये, पेन थांबवायचं नाही हं, बोलीन तसं लिहायचं. आत्याबाई, शेवटच्या भागाच्या दिवशी तुमचा नातू सकाळीच म्हणाला होता, "आई, आज लवकर येतो, मिळून बघू." मी थालीपिठाचं पीठ भिजवून ठेवलं, त्याच्यासाठी सोफ्यावरची उशी सारखी केली. टीव्हीवर ती बाई चहा गाळायला लागली आणि बेल वाजली. मला वाटलं, आला! उठले, गुडघा धरून गेले, दार उघडलं. बाहेर कुणी नाही. आमच्या जिन्यात पाऊल टाकलं की आपोआप दिवा लागतो, तो लागला. लिफ्टचं दार बंद. समोरच्यांच्या चपला. मी उभी राहिले, तो दिवा आपला आपण विझेपर्यंत. आत आले तर टीव्हीवर नावं सरकत होती. शेवट मी बघितलेलाच नाही. बेल एक ऐकली. दुसरी वाजली असली तरी तेव्हा मी आमच्या दारात होते. त्याला ओव्हरटाइम लागला होता. उशिरा आला, थालीपीठ खाताना म्हणाला, "मग आई, कोण होतं दारात?" मी म्हटलं, "ते मी नाही सांगायची."

थांबलंच शेवटी हिचं पेन. माझ्याकडे बघते आहे. म्हणते, "म्हणजे आज्जी, इतके दिवस तुम्ही..." आणि हसायला लागली. मग हसू आवरलं आणि पदराला हात पुसून मोबाईल काढला. म्हणाली, "दाखवू का? शेवटचं तेवढंच, एका मिनिटाचं काम." मी म्हटलं, ठेव तो आत. हे पण लिही.

पत्राचं काय करायचं, विचारते आहे. कुठे पाठवणार, ठेव कणकेच्या डब्याखाली. आणि तुझी वेळ झाली, जा आता. जाताना पाचव्या मजल्यावर बेल वाजव आणि फोरमनना सांग, आज्जीला त्या दिवशीचं काहीतरी नवीन आठवलंय.

"काय आठवलंय?"

"उद्या सांगते."

आत्याबाई, ती गेली, हे आता कागदावर नाही, तुमच्यापुरतंच बोलते आहे. तिला सांगितलं खरं. पण उद्या काय सांगायचं, ते अजून माझं मलाच सुचलेलं नाही.