पर्सीची बस समुद्रावर

हॅलिफॅक्स
३ ऑक्टोबर १९८४

चि. हेझल हिस विल्फमामाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझा बसलेला घसा सुटला का? कॉलिनरावांची पाठ कशी आहे? रोझीच्या गोवराचे डाग गेले? मांजरीचीही चौकशी केलीय म्हणून सांग, नाहीतर रुसेल. इकडे एडनामामीचा गुडघा बातम्यांच्या आधी पाऊस सांगतो. बाकी आम्ही ठणठणीत.

आता मुद्द्याचं. तुमच्या टीव्हीवर माझं नाटक कधी लागणार? गिरणीतली नोकरी सुटल्यापासून नाटकं लिहितोय, पण हे शेवटचं आणि सगळ्यांत लाडकं. बसचालक पर्सी नोकरीच्या शेवटच्या दिवशी डेपोकडे न वळता, भरल्या बसनिशी थेट ब्रिडलिंग्टनच्या समुद्रावर जातो, एवढंच. मामी मात्र धुमसतेय. पर्सी म्हणजे तूच, मग त्याची बायको आधीच मेलेली का, असं विचारते. मी म्हटलं, ती जिवंत असती तर त्याला जाऊ दिलं असतं का! त्या दिवशी चहा मलाच करावा लागला.

टपालवाल्याकडे डोळे लावून बसलेला,
विल्फमामा

लंडन
१२ ऑक्टोबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

आम्ही सगळे बरे, मांजर खूश. बातमी मात्र वाईट. एका रात्रीत संपणारी नाटकं बंद होताहेत; आमचा विभागच गुंडाळणार. आमचे वरिष्ठ पेम्बर्टनसाहेब म्हणतात, लोकांना दर आठवड्याला ओळखीचे चेहरे हवेत, आणि एकटं नाटक परदेशात कोणी विकत घेत नाही. पर्सी त्यांना इतका आवडला, की त्याची तेरा भागांची मालिका करा म्हणतात! समुद्र लांबून दिसू दे, पण पोचायचं नाही. दर भागाच्या शेवटी बस डेपोत हवी. शिवाय पर्सीला एक कुत्रा द्या. नाही म्हटलंत तर नाटक कपाटात, आणि त्या कपाटातून बाहेर आलेलं काही मी अजून पाहिलेलं नाही. मामा, निदान लिहून तर बघा.

तुमची (अजून लाडकी ना?)
हेझल

हॅलिफॅक्स
९ नोव्हेंबर

चि. हेझल हिस अ. आ.

लाडकी आहेस, म्हणून लिहून बघितलं. दुसऱ्या भागात टायर पंक्चर केलं, तिसऱ्यात एका बाईला घरी गॅस चालू राहिल्याचं आठवलं, चौथ्यात कुत्रा हरवला. पाचवा वाचून मामीनं चष्मा काढला. म्हणाली, या माणसाला समुद्रावर जायचंच नाहीये, उगाच माणसांना ताटकळत ठेवतोय.

तेव्हा सोबत तेरा भाग पाठवतोय. पहिल्यात पर्सी समुद्रावर पोचतो, इंजिन बंद करतो, संपलं. उरलेले भाग कोरे. त्या आठवड्यांत लोकांनी टीव्ही बंद करून पर्सीचं पुढे काय झालं यावर भांडावं, असं साहेबांना सांग. कुत्रा घालीन, पण तोही परतणार नाही. कपाटात टाकायचं तर टाकू देत. मी आता ओळसुद्धा बदलणार नाही.

तुझा हट्टी
विल्फमामा

लंडन
२८ नोव्हेंबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

कोरे कागद बघून साहेबांना वाटलं, टंकलेखनवालीनं घोळ घातला. बिचारीला फैलावर घेतलं! मग मी तुमचा निरोप सांगितला. आधी लालबुंद झाले, मग खो खो हसले, मग दार लावून पहिला भाग पुन्हा वाचला. यंदाच्या नाटकांतलं शेवटचं एक बारगळलंय. ती जागा तुमची. जानेवारीत चित्रीकरण, खऱ्या समुद्रावर! त्यानंतर आमच्या दारावरची पाटी उतरणार आणि मी जनावरांच्या डॉक्टरच्या मालिकेवर जाणार. तुमच्यामागून आता कोणी येणार नाही, मामा.

मामींना लोकरी मोजे घालायला सांगा.
हेझल

हॅलिफॅक्स
२१ मार्च १९८५

चि. हेझल हिस अ. आ.

गेल्या बुधवारी सगळी गल्ली टीव्हीसमोर होती. दुसऱ्या दिवशी खाटकाच्या दुकानात दोन तट पडले: पर्सी तिथंच राहिला, की रात्री गुपचूप परतला? मला विचारलं, तसा मी सॉसेज उचलून पळालो.

काल पुन्हा बुधवार. त्याच वेळेला कुठलीशी पोलिसांची मालिका लागली. थोड्या वेळानं शेजारच्या क्लेगबाई कोट चढवून आमच्या दारात. पर्सी आला का घरी, म्हणून विचारायला लागल्या. मामीनं त्यांना आत बसवलं, चहा ओतला आणि सांगितलं, अजून नाही आला.

डॉक्टरांच्या गायीगुरांतून सवड काढ आणि दोन ओळी लगेच धाड.

तुझा
विल्फमामा