काठीच्या टोकाचा हिरवा रंग

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा खेळाच्या मैदानाचा मुख्य माळी, आता निवृत्त, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि राजीखुशीने करून ठेवीत आहे. डॉक्टरांनी मला तारीख, वार आणि शंभरातून सात वजा करायला सांगितले. मी वजाबाकी केली, आणि त्यांच्या दवाखान्यापुढच्या कुंड्यांना पाणी जास्त होते हेही सांगितले. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणील असे माणूस या घरात मी वाढवलेले नाही.

१. माझी मिळकत म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, व्हरांडा आणि समोरचे लॉन, चाळीस पावले लांब, बावीस पावले रुंद. सर्व स्वकष्टाचे. वडिलांकडून सुतळीचा तोडाही आलेला नाही. हे लॉन मी एकतीस उन्हाळे हिरवे ठेवले. कपडे वाळत घालायला त्यावर एक दोरी हवी, एवढेच माझ्या बायकोने आयुष्यात मागितले. ती मी तिला घरामागे सावलीत बांधून दिली. तिथे चादरी दोन दोन दिवस ओल्या राहत. ती गेली, दोरी अजून आहे. ती ज्याला हवी त्याने न्यावी.

२. गेल्या उन्हाळ्यात मला चाळीस दिवस रुग्णालयात राहावे लागले. जाण्यापूर्वी मुलाला मी नियम लिहून दिले होते. कडक उन्हात गवत तीन बोटांहून खाली कापू नये. रोज शिंपडू नये, त्याने मुळे वरच राहतात. चौथ्या दिवशी, ऊन चढण्याआधी, पोटभर पाणी द्यावे आणि लांब स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसून पाहावा. मुठीपर्यंत गेला तर पाणी पुरले. गवतावरून चालून मागे बघावे. पावलांचे ठसे तसेच राहिले तर गवत तहानलेले आहे.

त्याने सुरुवातीलाच गवत खुरटे कापले, म्हणजे पुन्हा पुन्हा कापायला नको. मग रोज घाईघाईने पाइप फिरवून तो माझ्या उशाशी येऊन बसे. छापखान्यातली नोकरीही त्याने त्यासाठीच सोडली. उशाशी बसायला मी सांगितले नव्हते. लॉनचे सांगितले होते.

३. घरी आलो तेव्हा मला या खिडकीशी बसवले. बाहेर गल्लीतली झाडेसुद्धा करपलेली, आणि माझे लॉन हिरवेगार. मी मुलाला म्हणालो, "छान केलंस." तो बेचाळीस वर्षांचा आहे. हे मी त्याला पहिल्यांदाच म्हणालो. तो "हो, बाबा" म्हणून आत गेला. आतून सूनबाईचा आवाज आला.

"अहो, रडताय काय? सांगून टाका त्यांना."

"आत्ता नको गं. पहिल्यांदा म्हणाले ते."

तेव्हा मला अर्थ लागला नाही. तिसऱ्या दिवशी काठी टेकत मी गवतावर उतरलो. ठसे उमटले आणि उमटलेलेच राहिले. काठीच्या टोकाचे रबर वर करून पाहिले, ते हिरवे झाले होते. पाण्याच्या टाकीमागे रंगाचा डबा सापडला, अर्धा भरलेला. मेलेल्या गवतावर फवारतात तो रंग.

मी कोणाला काही बोललो नाही. त्यानंतर सात महिने घरी जो जो भेटायला आला, त्याच्यासमोर मी मुलाला विचारले, "सांग यांना, एवढ्या उन्हात लॉन कसं राखलंस?" दरवेळी त्याने खाली मान घालून सांगितले. नियम त्याला आता तोंडपाठ झाले आहेत. तोच मला रोज आंघोळ घालतो.

४. रंग मी वासावरूनच ओळखला. बावीस वर्षांपूर्वी मोठ्या सामन्याआधी मैदानाचा एक कोपरा माझ्या हातून जळाला होता, आणि मीच तो रंगवला होता. खेळाडू पडले आणि पांढऱ्या पँटी हिरव्या घेऊन उठले. सेक्रेटरींनी विचारले तेव्हा मी सांगितले की पंपवाल्याने पाणी सोडले नाही, रंगही त्यानेच मारला. त्याची नोकरी त्याच आठवड्यात गेली. तो इथे आला, लॉनवर उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, माझ्या तोंडावर एकदा खरं सांगा. मग जातो."

मी म्हणालो, "आधी गवतावरून खाली उतर."

आता तो सायकली दुरुस्त करतो आणि मला पाहून रस्ता ओलांडतो. वर लिहिले ते खरे आहे. त्याच्या तोंडावर मी ते अजूनही सांगणार नाही. वकिलांनी वाचून दाखवावे.

५. घर आणि लॉन मी या पंपवाल्याला देत आहे. याला कोणी पश्चात्ताप म्हणू नये. लॉन राखण्याची अट त्याच्यावर नाही. हवी तर त्याने तिथे फरशी घालावी. किल्ली माझ्या मुलाने स्वतःच्या हाताने त्याला नेऊन द्यावी. त्याने घर नाकारले तर ते मैदानाकडे जावे. कोणत्याही परिस्थितीत ते मुलाकडे येऊ नये.

६. बँकेतली शिल्लक सूनबाईला. "बाबा, गवत आहे ते, माणूस नाही," असे ती मला एकदा तोंडावर म्हणाली. या घरात तोंडावर बोललेले तेवढे एकच वाक्य. नवऱ्याला तिने बरोबर न्यावे की नाही, ते तिने ठरवावे.

७. गवत कापायचे यंत्र आणि कात्र्या मैदानाला द्याव्यात. पाती मी लावून ठेवली आहेत. कोणी हात लावू नये.

८. मुलाला रंगाचा अर्धा डबा, फवारणीचा पंप आणि ही काठी. रबर पुसलेले नाही.

९. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे. तसेच कलम ३ मध्ये नमूद केलेले "छान केलंस" हे दोन शब्द मी मुलाकडून परत घेत आहे. ते चुकीच्या समजुतीने दिले गेले होते.

हे कलम ऐकून साक्षीला बोलावलेले शेजारचे शिंपी म्हणाले, "काका, एवढं गाळा हो. पोरगं मरेल."

"मरणार मी आहे," मी म्हणालो. कलम कायम आहे.

मृत्युपत्र करणाराने आमच्यादेखत सही केली, आणि आम्ही त्याच्यादेखत. यात आमचा काही लाभ नाही.

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार:
१. शेजारचे शिंपी (सही). सहीआधी दोनदा पेन खाली ठेवले.
२. घरचे डॉक्टर (सही)

तारीख: अकरा जानेवारी, सकाळचे नऊ.

ठिकाण: पुढची खोली, खिडकीजवळ. मुलगा बाहेर लॉनवर उकिडवा बसून स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहत आहे. गवत खरे आहे, तीन बोटे उंच. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. त्याने खिडकीकडे पाहिले. मी कागदाची घडी घातली.